पाचपैकी पाच

रविवार, १५ डिसेंबर २०२४. दुपारचे पावणेचार. जालन्यात गांधी चमनच्या मागच्या गल्लीतलं फ्लेक्सचं दुकान आज सुट्टी असून उघडं आहे आणि आत पाय ठेवायला जागा नाही. मशीन बंद आहे, तरी शाईचा उग्र वास नाकात बसतोच. भिंतीवरच्या टीव्हीत नागपूरचं राजभवन दिसतंय. कॅमेरा खुर्च्यांवरून फिरतो आणि एकेका चेहऱ्यावर थांबतो. तो थांबला की दुकानातली मंडळीही श्वास रोखतात. आपला आहे का? नाही. पुढे.

चार वाजता शपथविधी आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि एकनाथ शिंदे, अजित पवार हे दोन उपमुख्यमंत्री यांनी ५ डिसेंबरला मुंबईत आझाद मैदानावर शपथ घेतली. आज बाकीच्यांची पाळी. उद्यापासून नागपूरचं हिवाळी अधिवेशन आहे, म्हणून शपथही तिथेच. नागपुरात असा विस्तार व्हायला तेहतीस वर्षं गेली, असं टीव्हीवरचा निवेदक सांगतो. १९९१ च्या डिसेंबरात सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळाचा विस्तार इथेच झाला होता आणि शिवसेना सोडून आलेले छगन भुजबळ तेव्हा मंत्री झाले होते. आजच्या संभाव्य यादीत भुजबळांचंच नाव नाही. राजकारणाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

संगणकावर बसलेला पोरगा तिशीच्या आतला आहे. गर्दीची नजर चुकवून तो मला स्क्रीनवरची एक फाइल उघडून दाखवतो. दहा बाय आठचा फलक, भगवी पार्श्वभूमी, मधोमध हात जोडून उभे नेते. खाली ठळक अक्षरांत मंत्रिमंडळात समावेश झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. ‘खाते’ या शब्दापुढे टिंबं. तळाला शुभेच्छुकांचे पंचवीसेक गोल फोटो, पासपोर्टच्या फोटोसारखे एका मापात कापलेले. फाइल मिटवून तो दुसरी उघडतो. पक्ष दुसरा, नेते दुसरे, मजकूर तोच.

“दोन्ही तयार ठेवल्यात,” तो हळूच म्हणतो. “नाव आलं की प्रिंट. दोन्ही आली तर रात्रभर मशीन चालतंय. पन या पार्टीवाल्याला त्या पार्टीची फाइल दाखवायची नाई.”

त्या फाइलींमधली नावं मी इथे लिहीत नाही. पोराच्या धंद्याचा प्रश्न आहे.

युती, आघाडी, महायुती यांचं व्याकरण कोणाला समजून घ्यायचं असेल तर त्यानं फलकाची वरची ओळ वाचावी. भाजपच्या फाइलीत मोदी, शहा, नड्डा, मग फडणवीस. शिंदे आणि अजितदादा आहेत, पण जरा लहान. शिवसेनेच्या फाइलीत सुरुवातीला बाळासाहेब ठाकरे, त्यांच्याजवळ आनंद दिघे, मग एकनाथ शिंदे मोठे, आणि फडणवीसांचा फोटो शिंद्यांपेक्षा किती बारीक ठेवायचा यावर आत्ता माझ्यासमोर वाद चालू आहे.

“मुख्यमंत्री आहेत ते, भाऊ. एवढुसा फोटो कामून लावला?”

“आपले नेते कोण? शिंदे साहेब. त्यांच्याहून मोठा कसा लावायचा?”

“बरोबरीचा लावा मग.”

पोरगा माऊसनं फोटो ओढून बरोबरीचा करतो. चेहऱ्यावर ढिम्म भाव. असले वाद त्याच्यासमोर रोज होत असणार.

या दुकानात आशा एवढी का दाटली आहे, ते सांगायला हवं. तीन आठवड्यांपूर्वी, २३ नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल लागला. जालना जिल्ह्यात पाच मतदारसंघ: परतूर, घनसावंगी, जालना, बदनापूर, भोकरदन. पाचही महायुतीकडे गेले. परतूरला बबनराव लोणीकर, बदनापूरला नारायण कुचे, भोकरदनला संतोष दानवे हे तिघे भाजपचे. जालन्यात अर्जुन खोतकर आणि घनसावंगीत हिकमत उढाण हे शिंद्यांच्या शिवसेनेचे. त्यातही घनसावंगीचा निकाल राज्यभर गाजला, कारण तिथे राजेश टोपे पडले. अडीच हजारांहून कमी मतांनी. करोनाच्या काळात रोज टीव्हीवर दिसणारे, आकडे सांगताना आवाज न चढवणारे आरोग्यमंत्री म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. १९९९ पासून ते सलग निवडून येत होते, आधी अंबडमधून आणि पुनर्रचनेनंतर घनसावंगीतून.

म्हणजे गणित साधं वाटतं. पाचपैकी पाच दिले. लोणीकर २०१४ ते २०१९ पाणीपुरवठा खात्याचे कॅबिनेट मंत्री होते, खोतकर त्याच सरकारात राज्यमंत्री. दोघांनाही अनुभव आहे. मग एक तरी?

चार वाजून गेलेत. राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन मंचावर येतात, राष्ट्रगीत होतं. दुकानातले दोघे-तिघे उभे राहतात, मग सगळेच. पहिलं नाव चंद्रशेखर बावनकुळे. राज्यपाल ‘मी’ म्हणून सुरुवात करून देतात, पुढचं बावनकुळे म्हणतात. मग राधाकृष्ण विखे पाटील, हसन मुश्रीफ, चंद्रकांत पाटील. मोठी माणसं आधी, इथवर कोणाला घाई नाही. एक जण सगळ्यांसाठी कटिंग मागवतो.

कोपऱ्यात प्लास्टिकच्या स्टुलावर एक शेतकरी बसलाय. बदनापूरकडचा आहे. त्याला वडिलांच्या वर्षश्राद्धाचा छोटा फलक हवाय, तीन बाय दोनचा. दुपारी बारापासून बसलाय, कारण ‘मंत्र्यांचं’ आधी आहे. टीव्हीकडे त्याचं लक्ष नाही. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात आठशे-नऊशेनं कमी कसा, आणि खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून माल परत का नेला, हे तो शेजारच्याला सांगतोय. शेजारचा ‘हं, हं’ करत टीव्ही बघतोय.

धनंजय मुंडे यांचं नाव येतं. “बीडला गेलं एक.” थोड्या वेळानं पंकजा मुंडे. “बीडला दोन.” मग अतुल सावे. यावर जरा हालचाल होते, कारण सावे जालन्याचे पालकमंत्री होते. ते संभाजीनगर पूर्वचे. पुढे संजय शिरसाट आले की संभाजीनगरचेही दोन होतात. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या शहराला दोन मंत्री आणि आपलं नाव अजून नाही. चहाचे कप तसेच हातात.

आता पोरगा कंटाळून आपल्याच संगणकातलं जुनं काहीतरी चाळतोय. मी वाकून बघतो. ‘२०१९’ नावाचं फोल्डर. त्यात मागच्या विधानसभेची, म्हणजे चौदाव्या विधानसभेची सगळी पाच वर्षं फलकांच्या रूपानं पडून आहेत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यानं खरं तर इथे येऊन बसावं.

पहिल्या फाइली ऑक्टोबर २०१९ च्या, निकालाच्या. तेव्हा जिल्ह्याचे पाच आमदार होते लोणीकर, कुचे, संतोष दानवे, राष्ट्रवादीचे टोपे आणि जालन्यातून काँग्रेसचे कैलास गोरंट्याल. तीन एका बाजूला, दोन दुसऱ्या. मग महिनाभर काहीच नाही. राज्यात राष्ट्रपती राजवट, फलक कोणाचा लावणार? त्यानंतर एक अर्धवट फाइल सापडते. तारीख २३ नोव्हेंबर २०१९. फडणवीस आणि अजित पवार शेजारी शेजारी.

“हे त्या सकाळचं,” पोरगा दात दाखवतो. “सात-आठ वाजता फोन आला होता, लगेच बनव म्हणून. बनवलं. दुपारी पुन्हा फोन, थांब म्हणे जरा. आजवर थांबलंय.”

ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे शिवाजी पार्कवर मुख्यमंत्री झाले. ३० डिसेंबरच्या विस्तारात टोपे कॅबिनेट मंत्री झाले, आरोग्य खातं मिळालं, जिल्ह्याचं पालकमंत्रिपदही. तेव्हाचा फलक फोल्डरमध्ये सगळ्यात मोठा आहे, वीस बाय दहाचा. दोन महिन्यांत करोना आला. त्यानंतरच्या फाइलींत मंत्र्यांच्या तोंडावर मास्क.

पुढचा गठ्ठा जून २०२२ चा. एकनाथ शिंदे बाहेर पडतात, सरकार पडतं, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री आणि फडणवीस उपमुख्यमंत्री. त्यानंतर चाळीस दिवस महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ या दोघांचंच. ९ ऑगस्टला अठरा जण आले, नऊ भाजपचे आणि नऊ शिंद्यांचे. त्यात मराठवाड्याचे सावे, अब्दुल सत्तार, संदिपान भुमरे, तानाजी सावंत. जालन्याचं कोणी नाही. सत्तेच्या बाजूला तीन आमदार होते, तरी नाही. पालकमंत्री म्हणून सावे आले. २ जुलै २०२३ ला अजित पवार आठ सहकाऱ्यांसह सरकारात शिरले, राष्ट्रवादी फुटली. जालन्याला तेव्हाही काही मिळालं नाही.

इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती कोणी फारशी बोलत नाही. ज्या विधानसभेत दोन मोठे पक्ष उभे फुटले, आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा असे फिरले, त्या विधानसभेत जालन्याच्या पाचपैकी एकाही आमदारानं तंबू बदलला नाही. भाजपचे तिघे भाजपमध्ये, गोरंट्याल काँग्रेसमध्ये, टोपे शरद पवारांसोबत. टोप्यांचं चिन्ह तेवढं गेलं. घड्याळ अजित पवारांकडे, यांच्याकडे तुतारी वाजवणारा माणूस. शिवसेनेचा आमदारच जिल्ह्यात नव्हता, म्हणून तो मोह इथे आमदारकीच्या पातळीवर आला नाही, हेही खरं. खोतकर तेव्हा माजी आमदार होते आणि ते शिंद्यांकडे गेले. पण पाच वर्षं मूळ जागी राहिलेल्या पाचांचं कौतुक कोणत्याही फलकावर नाही. तशी पद्धतच नाही.

“जालना शहराचं एक बरं आहे,” पोरगा सांगतो. “दर पाच वर्षांनी निस्ता फोटो बदलायचा. डिझाइन तेच.”

खरंच आहे. १९९९ गोरंट्याल, २००४ खोतकर, २००९ गोरंट्याल, २०१४ खोतकर, २०१९ गोरंट्याल, २०२४ खोतकर. शहरानं जणू दोघांना पाळ्या लावून दिल्यात. त्यातली २०१४ ची लढत २९६ मतांनी सुटली. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावरून ती कोर्टात गेली. निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण पुराव्यात आलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं खोतकरांची निवड रद्द ठरवली, वर स्थगिती मिळाली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो १४ जुलै २०२० ला, ती विधानसभा संपून गेल्यावर. अपील फेटाळलं गेलं. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर कलम ६५ ब चं प्रमाणपत्र लागतंच, हा त्या निकालातला नियम तेव्हापासून देशभरातल्या कोर्टांत रोज सांगितला जातो. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल’. कायद्याच्या मुलांना जालना कुठे आहे ते माहीत नसतं, पण हे नाव पाठ असतं.

टीव्हीवर यादी पुढे सरकतेय. शिवेंद्रसिंहराजे भोसले, माणिकराव कोकाटे, जयकुमार गोरे, नरहरी झिरवाळ. एकेक नाव पडतं तशी दुकानातली बोलणी कमी होतात. पांढरा शर्ट घातलेला एक कार्यकर्ता बाहेर जाऊन मोबाइलवर बोलतो आणि आत येतो तेव्हा त्याचा चेहराच सांगतो. तरीही तो म्हणतो, “राज्यमंत्री बाकीयेत अजून.”

एक निवृत्त मास्तर इतका वेळ गप्प होते. हातातल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यांनी आकडे मांडलेत. मी जवळ जातो. भाजप १३२ आमदार. शिवसेना ५७. राष्ट्रवादी ४१. पुढे मंत्री: आजचे आणि आधीचे तिघे धरून भाजपचे वीस, शिवसेनेचे बारा, राष्ट्रवादीचे दहा.

“भागाकार करा,” मास्तर म्हणतात.

करतो. राष्ट्रवादीत चार आमदारांमागे एक मंत्री. शिवसेनेत पावणेपाचांमागे एक. भाजपत साडेसहांच्याही पुढे.

“आता बघा. आपले तीन कुठं? भाजपत. जिथं रांग सगळ्यात लांब तिथं. दोन शिवसेनेत. राष्ट्रवादीचा एक पन नाई. पाच निवडून दिले म्हणता, पन पाचही लांबच्या रांगेत उभे केले तुम्ही.”

“पन मास्तर, अनुभव?”

“अनुभव सगळ्यायलाच असतो. सत्तारांना नाई का? सावंतांना नाई? केसरकरांना? तिघंही मंत्री होते, तिघंही बाहेर.”

मास्तरांचा भागाकार पुरेसा आहे असं नाही. मंत्रिपद ठरताना पक्षाचा कोटा बघतात, विभाग बघतात, जात बघतात, नेत्याशी किती जवळीक, मागच्या वेळी कोणाला काय शब्द दिला होता, हेही बघतात. पण पाचपैकी पाच दिले म्हणून एक मंत्री मिळालाच पाहिजे हा हिशोब कुठेच लिहिलेला नाही. २०१९ मध्ये पाचांतले दोनच सत्तेकडे होते आणि त्यातला एक आरोग्यमंत्री झाला. आज पाचही सत्तेत. आणि हा काही एकट्या जालन्यावरचा अन्याय नाही. नांदेडनं नऊपैकी नऊ दिले, हिंगोलीनं तीनपैकी तीन. दोन्हींचं नाव अजून पुकारलेलं नाही.

प्रकाश आबिटकरांवर कॅबिनेट मंत्री संपतात. तेहतीस झाले. राज्यमंत्री सहाच. माधुरी मिसाळ, आशिष जयस्वाल, पंकज भोयर. मेघना बोर्डीकरांचं नाव येतं तेव्हा एक जण म्हणतो, “जिंतूर! आपल्या मंठ्याला लागून आहे.” कोणी हसत नाही. इंद्रनील नाईक. योगेश कदम. एकोणचाळीस. पुन्हा राष्ट्रगीत. या वेळी उभं राहायला कोणाला सांगावं लागत नाही, बरेच जण आधीच दाराकडे निघालेले असतात.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतून सहा मंत्री: बीडचे दोन, संभाजीनगरचे दोन, लातूर जिल्ह्यातून अहमदपूरचे बाबासाहेब पाटील, परभणीतून बोर्डीकर. जालना, नांदेड, हिंगोली, धाराशिव या चार जिल्ह्यांच्या रकान्यात शून्य.

“एक जागा राहिली!” पांढऱ्या शर्टाचा कार्यकर्ता एकदम म्हणतो.

ते खरं आहे. ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला सभागृहाच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली. २८८ चे पंधरा टक्के म्हणजे जास्तीत जास्त त्रेचाळीस, मुख्यमंत्री धरून. आजचे एकोणचाळीस आणि आधीचे तीन मिळून बेचाळीस झाले. एक जागा रिकामी आहे. शिवाय अडीच वर्षांनी मंत्री बदलणार अशी चर्चा सकाळपासून आहेच.

“मंग फाइल ठिवतो,” पोरगा म्हणतो आणि खरोखरच ‘सेव्ह’ करतो. दोन्ही.

गर्दी पांगते. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर थोडी कुरबुर होते, शेवटी मास्तर देतात. राहिलेल्या पाच-सात जणांत आता खरा वाद सुरू होतो: मंत्री नसला तर जिल्ह्याचं काय अडतं?

“लई अडतं,” एक जण सांगतो. “लोणीकर साहेबांकडं पाणीपुरवठा होतं म्हणून परतूर-मंठ्याची ग्रीडची योजना आली. भैय्या आरोग्यमंत्री होते तवा दवाखान्यायला पैसा आला. दादा रेल्वेत होते म्हणून वंदे भारत जालन्याहून सुटली.” भैय्या म्हणजे टोपे. दादा म्हणजे रावसाहेब दानवे, केंद्रात रेल्वे राज्यमंत्री होते; मुंबईची वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झाली. यंदाच्या लोकसभेत ते काँग्रेसच्या कल्याण काळेंकडून लाखावर मतांनी हरले. मात्र त्यांचा मुलगा भोकरदनहून आणि मुलगी संजना जाधव कन्नडहून, एक भाजपचा, एक शिवसेनेची, असे दोघे आज विधानसभेत आहेत.

त्याचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय घ्या. ते मंजूर झालं तेव्हा राज्यात जिल्ह्याचा एकही मंत्री नव्हता, आणि या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हाही नव्हता. एकाच वेळी दहा महाविद्यालयं सुरू झाली, त्यात हे एक. उलट या जिल्ह्यातून राज्यभर पेटलेला सगळ्यात मोठा प्रश्न, अंतरवाली सराटीतल्या मराठा आरक्षण आंदोलनाचा, १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर मुख्यमंत्र्यांना स्वतः तिथे यायला लावून गेला. त्याला कोणा मंत्र्याची चिठ्ठी लागली नाही.

मला विचाराल तर मंत्र्यासाठी जीव टाकण्याचं खरं कारण वेगळंच आहे. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेव्हापासून तिथे प्रशासक आहे. पंचायत समित्यांची तीच गत. जालन्याची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, पण तिथे अजून एकही नगरसेवक नाही. म्हणजे गटार तुंबलं, पाणी आठ-दहा दिवस आलं नाही, शाळेची खोली पडली, तर साडेएकोणीस लाखांच्या जिल्ह्यानं गाठायचं कोणाला? सरपंच झाला की थेट आमदार. मधल्या सगळ्या पायऱ्या रिकाम्या. मग आमदाराकडून नगरसेवकाचं काम, मंत्र्याकडून जिल्हा परिषदेचं काम, अशी अपेक्षा वर वर सरकत जाते. आमदारही गटारीचं भूमिपूजन करून मोकळे होतात, आणि विधानसभेत काय बोललात असं त्यांना कोणी विचारत नाही.

मास्तर मान डोलावतात. “आमदार कायदे करायला असतो, हे नागरिकशास्त्रात मी तीस वर्षं शिकवलं. परीक्षेला यायचं दोन मार्काला.”

मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा २०१७ पासूनच बंद आहे, पण डोक्यातला काही विझला नाही.

पोरानं आता मशीन सुरू केलंय. रोल फिरतो, शाईचं हेड इकडून तिकडे पळू लागतं. पहिला फलक बाहेर येतो तो शेतकऱ्याच्या वडिलांचा. पागोटं, जाड भिंगाचा चष्मा, खाली तारीख आणि गावाचं नाव. शेतकरी फलक उलटसुलट बघतो, चारही कोपऱ्यांना रिंगा मारून घेतो, पैसे मोजतो. जाता जाता मला विचारतो, “ते बारदान्याचं कोणाला सांगायचं असतं?”

मी सांगतो. नागपुरात उद्यापासून अधिवेशन आहे. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे. खरेदी केंद्रावर बारदाना का नाही हे तुमचा आमदार सभागृहात उभं राहून पणन मंत्र्यांना विचारू शकतो, त्यासाठी तो स्वतः मंत्री असावा लागत नाही. उलट मंत्री झाला की त्याला प्रश्न विचारता येत नाहीत, उत्तरं द्यावी लागतात. हे शेवटचं ऐकून तो थबकतो.

“म्हंजे मंत्री नाई झाला ते बरं झालं?”

“बारदान्यापुरतं तरी.”

तो विचार करत फटफटीला किक मारतो. फलकाची गुंडाळी मागच्या सीटवरच्या पोराच्या हातात.

दुकानात परत येतो तर पांढऱ्या शर्टाचा कार्यकर्ता नव्या कामाला लागलाय. जिल्ह्याचा मंत्रीच नाही म्हटल्यावर पालकमंत्री बाहेरून येणार, एवढं आज पक्कं झालं. सावे पुन्हा येतात की आणखी कोणी, ते ठरलेलं नाही. जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसणार आणि जिल्ह्याचा निधी कुठे कसा वाटणार, हे त्या नावावर अवलंबून. कार्यकर्ता म्हणतो, “स्वागताचं डिझाइन करून ठिव. नाव मागून टाकू.” पोरगा नवी फाइल उघडतो.

माझं वाचकांना एवढंच सांगणं आहे. जालन्याचे असा, नांदेडचे असा, हिंगोलीचे असा, मंत्री मिळाला नाही म्हणून हळहळत बसू नका. तुम्ही निवडून दिलेला आमदार उद्यापासून नागपुरात सभागृहात बसणार आहे. तो किती दिवस हजर होता, कोणता प्रश्न विचारला, कोणत्या विधेयकावर बोलला, हे अधिवेशन संपल्यावर तो गावात येईल तेव्हा, हार घालायच्या आधी, त्याला विचारा. सोयाबीनच्या बारदान्यापासून सुरुवात केली तरी चालेल.